कार्ल स्टोर्मर

फ्रेडरिक कार्ल म्युलर्ट्स स्टोर्मर (३ सप्टेंबर १८७४, शीएन – १३ ऑगस्ट १९५७, ऑस्लो) हे नॉर्वेचे गणितज्ञ आणि भूभौतिकशास्त्रज्ञ होते. संख्या सिद्धांतातील त्यांच्या नावाचे प्रमेय, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील विद्युत भारित कणांच्या मार्गांचे गणित आणि ध्रुवीय प्रकाशाच्या उंचीची छायाचित्रांच्या साहाय्याने केलेली मोजमापे यांसाठी विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. छायाचित्रणाच्या इतिहासात मात्र ते वेगळ्याच कारणाने ओळखले जातात. विद्यार्थिदशेत, १८९३ ते १८९७ या काळात, वास्कटाच्या आत दडवलेल्या एका लहान कॅमेऱ्याने त्यांनी क्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) शहराच्या रस्त्यावरील माणसांची सुमारे ५०० छायाचित्रे त्या माणसांच्या नकळत घेतली. नाटककार हेन्रिक इब्सेन यांचे छायाचित्रही त्यांत आहे.

जन्म आणि बालपण

स्टोर्मर यांचा जन्म दक्षिण नॉर्वेतील शीएन या गावी झाला. वडील गेओर्ग लुडविग स्टोर्मर हे औषधविक्रेते होते. कार्ल हे आईवडिलांचे एकुलते एक अपत्य होते. याच गावात ४६ वर्षांपूर्वी, १८२८ मध्ये, हेन्रिक इब्सेन यांचा जन्म झाला होता. पुढे कार्ल यांच्या बालपणीच हे कुटुंब क्रिस्तियानिया येथे राहावयास गेले. त्या वेळी नॉर्वे हा स्वीडनच्या राजाच्या अंमलाखालील देश होता. १९०५ मध्ये तो स्वतंत्र झाला आणि १९२५ मध्ये राजधानीला ऑस्लो हे जुने नाव पुन्हा मिळाले.

लहानपणी कार्ल यांना वनस्पतिशास्त्राची विशेष गोडी होती. रानावनात फिरून वनस्पती ओळखण्याचा हा छंद त्यांनी जन्मभर जपला. शालेय वयातच गणिताने त्यांना आकर्षून घेतले. त्यांचा पहिला गणिती लेख प्रसिद्ध झाला तेव्हा ते अवघे १८ वर्षांचे होते. १८९२ मध्ये त्यांनी क्रिस्तियानिया येथील रॉयल फ्रेडरिक विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १८९८ मध्ये तेथील पदवी मिळवली.

वस्तूंच्या रूपातील कॅमेरे

स्टोर्मर यांचा कॅमेरा हा त्या काळातील एका मोठ्या लाटेचा भाग होता. १८७० पर्यंत छायाचित्र घेणे हे खटाटोपाचे काम होते. काचेवर ओले रसायन चढवून ती काच लगेच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि ओली असतानाच ती धुवावीही लागे. समोरच्या व्यक्तीला काही सेकंद निश्चल बसावे लागत असे. १८७१ मध्ये इंग्लंडमधील रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा थर असलेल्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा तयार मिळू लागल्या. त्या अधिक प्रकाशसंवेदी असल्याने सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटू लागले. तिवई अनावश्यक झाली, कॅमेरा हातात मावू लागला आणि हातात मावणारी वस्तू दडवणेही शक्य झाले.

पुढील २०–२५ वर्षांत नित्य वापराच्या अनेक वस्तूंच्या रूपात कॅमेरे निघाले. पॅरिसच्या एडमंड ब्लोक यांनी १८९० मध्ये गळपट्ट्याच्या आत बसणारा कॅमेरा काढला. त्याचे भिंग गळपट्ट्यावरील टाचणीच्या जागी असे. जर्मनीत क्र्युगेनर यांनी १८८८ च्या सुमारास पुस्तकासारखा दिसणारा कॅमेरा तयार केला. काठीच्या मुठीत बसणारे कॅमेरेही निघाले. लंडनच्या हॉटन्स या कंपनीने १९०४ मध्ये बाजारात आणलेला ‘टिका’ हा कॅमेरा हुबेहूब खिशातील घड्याळासारखा होता. चावी देण्याच्या दांड्यात त्याचे भिंग बसवलेले असे. अशा सर्व कॅमेऱ्यांना त्या काळी ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ असे सर्वसाधारण नाव पडले. प्रत्यक्षात गुप्तहेरांपेक्षा हौशी लोकांनीच ते अधिक विकत घेतले.

वास्कटातील कॅमेरा हा या प्रकारातील अतिशय लोकप्रिय नमुना होता. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट ग्रे यांनी त्याची रचना केली. १८८६ मध्ये कार्ल स्टिर्न यांनी त्याचे हक्क घेऊन तो बाजारात आणला आणि त्यांचे बंधू रुडॉल्फ स्टिर्न यांनी बर्लिनमध्ये त्याचे उत्पादन केले. हा कॅमेरा म्हणजे लहान ताटलीएवढी, धातूची एक चपटी गोल डबी होती. तिच्या वरच्या बाजूस नळीसारखे पुढे आलेले भिंग असे. डबी दोरीने गळ्यात अडकवून वास्कटाच्या आत छातीवर ठेवायची आणि भिंग बटणाच्या काज्यातून बाहेर काढायचे, अशी ती योजना होती. पाहणाऱ्यास तेथे एक बटणच आहे असे वाटे. शटरला बांधलेली दोरी खिशात सोडलेली असे आणि ती ओढली की छायाचित्र निघे. आत एक गोल काच असे. प्रत्येक छायाचित्रानंतर ती थोडी फिरवावी लागे. अशा रीतीने एका काचेवर फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली, सुमारे चार सेंटीमीटर व्यासाची सहा गोल छायाचित्रे मिळत.

या कॅमेऱ्याला समोरचे दृश्य दाखवणारी खिडकी नव्हती. भिंगाचे अंतर कमीजास्त करण्याची सोयही नव्हती. त्यामुळे नेम अंदाजाने धरावा लागे. माणूस नेमका किती जवळ येऊ द्यावा, छाती कोणत्या दिशेला वळवावी आणि दोरी कोणत्या क्षणी ओढावी, हे सरावानेच साधत असे. भरपूर उजेड असल्याशिवाय चित्र उमटत नसे, म्हणून त्याचा उपयोग दिवसा आणि उघड्यावरच होई.

कार्ल योहान मार्गावरील छायाचित्रे

१८९३ मध्ये १९ वर्षांच्या स्टोर्मर यांनी हा कॅमेरा विकत घेतला. त्यामागील कारण त्यांनी स्वतःच उतारवयात सांगितले. एका तरुणीवर त्यांचे मन जडले होते, परंतु तिच्याशी बोलण्याचे धैर्य होत नव्हते. तिचे छायाचित्र तरी आपल्याजवळ असावे या इच्छेने त्यांनी हा मार्ग शोधला. तो सफल झाल्यावर या छंदाची व्याप्ती वाढली.

त्यांचा मुख्य वावर कार्ल योहान मार्गावर असे. राजवाड्यापासून नगराच्या मध्यभागातून जाणारा हा रुंद रस्ता शहरातील प्रतिष्ठितांच्या फेरफटक्याची जागा होता. विद्यापीठाच्या इमारतीही याच रस्त्यावर होत्या, त्यामुळे विद्यार्थ्याचे तेथे असणे कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. स्टोर्मर यांची पद्धत साधी होती. ओळखीची किंवा प्रसिद्ध व्यक्ती समोरून येताना दिसली की ते तिला अभिवादन करत. ती व्यक्ती प्रत्युत्तर म्हणून टोपी उचले, मान लववी किंवा स्मित करी. नेमक्या त्याच क्षणी खिशातील हात दोरी ओढत असे. सहा छायाचित्रे झाली की घरी जाऊन काच बदलायची आणि पुन्हा रस्त्यावर यायचे. अशा रीतीने चार-पाच वर्षांत सुमारे ५०० छायाचित्रे जमली.

इब्सेन यांचे छायाचित्र या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध होय. २७ वर्षे इटली व जर्मनीत काढून इब्सेन १८९१ मध्ये मायदेशी परतले होते. कार्ल योहान मार्गाने रोज ठराविक वेळी ‘ग्रँड कॅफे’कडे जाण्याचा त्यांचा नेम इतका पक्का होता की लोक त्यांना पाहण्यासाठी वाटेत थांबत. मराठी वाचकांना इब्सेन परिचित आहेत ते प्रामुख्याने नाटकांमुळे. त्यांच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाचे अनंत काणेकर यांनी केलेले ‘घरकुल’ हे रूपांतर मराठी रंगभूमीवर गाजले. छायाचित्रकाराच्या दालनात काढलेल्या चित्रांत इब्सेन कठोर व करारी मुद्रेने बसलेले दिसतात. स्टोर्मर यांच्या चित्रात मात्र ते रस्त्याने चालणारे, वयाची साठी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत.

या संग्रहाचे ऐतिहासिक मोल येथेच आहे. एकोणिसाव्या शतकातील माणसे बहुतेक छायाचित्रांत ताठ बसलेली आणि न हसणारी दिसतात. त्यावरून ती माणसेच तशी गंभीर होती असा समज होतो. स्टोर्मर यांच्या चित्रांत तीच माणसे पावले टाकताना, टोपी उचलताना, गप्पा मारताना आणि हसताना दिसतात. कोणी घाईत आहे, तर कोणी ओळख पटल्याने डोळ्यांतून हसते आहे. काही चित्रे तिरकी आली आहेत, काहींत डोके काठाला लागले आहे, तर काही अस्पष्ट आहेत. त्या काळचे पोशाख, दुकाने, रस्ते आणि विशेषतः भेटीगाठींतील रीतिरिवाज यांचा तो विश्वसनीय पुरावा मानला जातो.

नैतिक प्रश्न

ही छायाचित्रे पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. चित्रातील माणसांनी अभिवादनाला प्रत्युत्तर दिले होते, छायाचित्राला संमती दिली नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावरील स्मित हे समोरच्या विनयशील विद्यार्थ्यासाठी होते. त्या विद्यार्थ्याच्या छातीवर कॅमेरा आहे हे त्यांना ठाऊक असते तर बहुधा ते स्मित उमटलेच नसते. चित्रांचा जिवंतपणा आणि त्यांतील फसवणूक या दोन्ही गोष्टी एकाच कृतीतून आल्या आहेत, आणि एक ठेवून दुसरी वगळता येत नाही.

हा प्रश्न त्या काळीही उपस्थित झाला होता. १८९० मध्ये सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या अमेरिकी विधिज्ञांनी खासगीपणाच्या हक्काविषयी लिहिलेला निबंध हार्वर्डच्या विधी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. क्षणार्धात छायाचित्र घेणारी साधने आणि वृत्तपत्रे यांमुळे व्यक्तीच्या खासगी जीवनावर आक्रमण होत असल्याचे त्यांनी त्यात दाखवून दिले. आज प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनीच्या रूपाने कॅमेरा असताना हा निबंध पुन्हा पुन्हा वाचला जातो.

स्टोर्मर यांच्या बाजूने एवढे सांगता येते की त्यांनी छायाचित्रे भर रस्त्यात, दिवसाउजेडी घेतली. कोणाच्या घरात वा एकांतात त्यांनी कॅमेरा नेला नाही. ती दाखवून कोणाची नाचक्की केली नाही किंवा पैसाही मिळवला नाही. १९४२ मध्ये, सत्तरीकडे झुकल्यावर, ‘सांक्त हालवार्ड’ या ऑस्लोच्या नगर-इतिहासाला वाहिलेल्या नियतकालिकातून या छंदाची माहिती लोकांसमोर आली. तोवर चित्रांतील बहुतेक प्रौढ माणसे हयात नव्हती. ज्यांची हरकत असू शकली असती त्यांना ती घेण्याची संधी मिळाली नाही, हेही तितकेच खरे आहे.

गणितातील कार्य

छायाचित्रांचा छंद ऐन भरात असतानाच स्टोर्मर गणितात महत्त्वाचे काम करत होते. १८९७ मध्ये त्यांनी सिद्ध केलेले प्रमेय आज ‘स्टोर्मरचे प्रमेय’ म्हणून ओळखले जाते. काही ठराविक मूळ संख्या घेतल्या, उदाहरणार्थ २, ३ व ५, आणि ज्यांचे मूळ अवयव केवळ याच आहेत अशा संख्यांचा विचार केला, तर त्यांत लागोपाठ येणाऱ्या संख्यांच्या जोड्या किती? संख्या अनंत असल्या तरी अशा जोड्या मर्यादितच असतात आणि त्या सर्वच्या सर्व शोधून काढण्याची रीत सांगता येते, असे स्टोर्मर यांनी दाखवले. २, ३ व ५ यांच्या बाबतीत अशा जोड्या फक्त दहा आहेत. त्यांतील शेवटची जोडी ८० आणि ८१ ही होय. ८० म्हणजे २×२×२×२×५ आणि ८१ म्हणजे ३×३×३×३. यानंतर कितीही पुढे गेले तरी अशी जोडी सापडत नाही.

या जोड्यांचा संगीतशास्त्राशीही संबंध येतो, कारण स्वरांतरे लहान पूर्णांकांच्या गुणोत्तरांनी मांडली जातात. हिंदुस्तानी संगीताच्या अभ्यासकांना ८१/८० हे गुणोत्तर परिचित आहे. चार श्रुतींचा रिषभ (९/८) आणि तीन श्रुतींचा रिषभ (१०/९) यांच्यातील अंतर तेवढेच असून त्यास प्रमाणश्रुती म्हणतात.

वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर म्हणजे ‘पाय’ हा स्थिरांक. त्याचे मूल्य काढण्यासाठी इंग्रज गणितज्ञ जॉन मेचिन यांनी १७०६ मध्ये एक सूत्र दिले होते. त्या धर्तीची दोन पदांची सूत्रे एकूण चारच असू शकतात, हे स्टोर्मर यांनी सिद्ध केले. १८९६ मध्ये त्यांनी शोधलेले चार पदांचे एक सूत्र तर शतकानंतरही उपयोगी पडले. २००२ मध्ये जपानच्या यासुमासा कानादा यांच्या गटाने ‘पाय’चे १ लाख २४ हजार कोटी अंक संगणकावर काढले. त्यासाठी वापरलेल्या दोन सूत्रांपैकी एक स्टोर्मर यांचे होते.

१८९८ ते १९०० या काळात त्यांनी पॅरिस येथे पिकार, प्वँकारे, जॉर्डन, दार्बू आदी गणितज्ञांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले. १९०० मध्ये ते मायदेशी परतले आणि १९०३ मध्ये क्रिस्तियानिया विद्यापीठात शुद्ध गणिताचे प्राध्यापक झाले. १९४६ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे ४३ वर्षे, त्यांनी हे पद सांभाळले.

ध्रुवीय प्रकाशाचे गणित

प्राध्यापकपद मिळाले त्याच सुमारास स्टोर्मर यांच्या अभ्यासाला नवे वळण लागले. त्यांचे सहकारी क्रिस्तियान बिर्केलान हे प्रयोगशाळेत ध्रुवीय प्रकाशाची प्रतिकृती तयार करत होते. निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्यावर ते इलेक्ट्रॉनांचा झोत सोडत. तेव्हा गोळ्याच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची वलये उमटत. सूर्याकडून येणारे विद्युत भारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांकडे वळतात आणि त्यामुळे उत्तरेच्या आकाशात तो हिरवा-तांबडा प्रकाश दिसतो, असे बिर्केलान यांचे मत होते. हा प्रयोग पाहून स्टोर्मर यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, तो असा: पृथ्वीसारख्या चुंबकाच्या क्षेत्रात एक विद्युत भारित कण सोडला तर तो नेमक्या कोणत्या मार्गाने जाईल?

समीकरणे मांडता आली, परंतु एखाद्या सूत्रात उत्तर मिळेल अशी ती नव्हती. मार्ग टप्प्याटप्प्याने, एकेक लहान पाऊल टाकत आकडेमोडीने काढावा लागे. संगणक नसलेल्या त्या काळात स्टोर्मर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी हजारो तास हाताने आकडेमोड केली. १९०७ पासून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. आकडेमोडीसाठी त्यांनी घडवलेली रीत आजही रेणूंच्या हालचालींच्या संगणकीय अभ्यासात वापरली जाते आणि तीत त्यांचे नाव जोडलेले आहे.

चुंबकीय क्षेत्रातील काही प्रदेश बाहेरून येणाऱ्या कणांना सर्वस्वी निषिद्ध असतात, असे या गणितातून दिसून आले. काही मार्गांवरील कण पृथ्वीभोवती अडकून पडून उत्तर व दक्षिण ध्रुवांच्या दरम्यान सतत येरझारा घालू शकतात, हेही स्पष्ट झाले. ध्रुवीय प्रकाशाचे संपूर्ण स्पष्टीकरण मात्र या मार्गाने मिळाले नाही. गणितातून येणारा प्रकाशाचा पट्टा प्रत्यक्षापेक्षा ध्रुवाच्या अधिक जवळ पडत होता. ही तफावत दूर करण्यासाठी पृथ्वीभोवती विद्युत प्रवाहाचे एक वलय असावे, अशी कल्पना स्टोर्मर यांनी मांडली. एकाच प्रकारचा विद्युत भार असलेले कण परस्परांना दूर लोटतील, मग त्यांचा झोत सूर्यापासून पृथ्वीपर्यंत एकसंध कसा येईल, असा आक्षेप आर्थर शुस्टर यांनी घेतला. तो रास्त होता. सूर्याकडून धन व ऋण दोन्ही प्रकारच्या कणांचा मिश्र प्रवाह येतो आणि प्रकाश निर्माण करणारे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय परिसरातच वेग घेतात, हे पुढे स्पष्ट झाले.

आकाशाचे छायाचित्रण

आपल्या गणिताची सत्यता पडताळण्यासाठी स्टोर्मर यांना एक साधी गोष्ट हवी होती. ध्रुवीय प्रकाश जमिनीपासून किती उंचीवर असतो? या बाबतीत त्या काळी मोठे मतभेद होते. प्रकाश अंधूक, हलता आणि क्षणोक्षणी रूप बदलणारा असल्याने डोळ्यांनी घेतलेली मापे जुळत नसत. मार्टिन ब्रेंडेल यांनी १८९२ मध्ये उत्तर नॉर्वेतील बोसेकोप येथे ध्रुवीय प्रकाशाचे पहिले छायाचित्र घेतले होते, परंतु मोजमापासाठी ती पद्धत पुरेशी नव्हती. हलणारी वस्तू अल्पावधीत टिपणे ही येथेही मुख्य अडचण होती. या अडचणीशी स्टोर्मर यांचा परिचय जुना होता.

१९०९ च्या सुमारास त्यांनी ओले क्रोगनेस यांच्यासह या कामासाठी खास कॅमेरा सिद्ध केला. त्यात चलच्चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे लहान पण भरपूर प्रकाश घेणारे भिंग होते. त्यामुळे अंधूक प्रकाशाचे चित्रही थोड्या अवधीत उमटू लागले. उंची मोजण्याची कल्पना अशी होती: अंगणाच्या दोन कोपऱ्यांतून एकच झाड पाहिले तर दूरच्या डोंगराच्या संदर्भात ते जागा बदललेले दिसते. दोन कोपऱ्यांतील अंतर आणि झाडाचे हे सरकणे यांवरून झाड किती दूर आहे ते काढता येते. त्याचप्रमाणे दोन ठिकाणांहून एकाच क्षणी ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्र घ्यायचे, आणि मागे दिसणाऱ्या ताऱ्यांच्या संदर्भात तो किती सरकला ते मोजायचे. दोन्ही ठिकाणचे निरीक्षक दूरध्वनीने जोडलेले असत आणि इशारा मिळताच दोघेही एकाच वेळी शटर उघडत.

१९१० मध्ये बोसेकोप येथील मोहिमेत ही ठिकाणे परस्परांपासून सुमारे ४ किलोमीटरवर होती. १९१३ च्या दुसऱ्या मोहिमेत हे अंतर सुमारे २७ किलोमीटर ठेवण्यात आले, त्यामुळे मापे अधिक अचूक आली. पुढे त्यांनी दक्षिण नॉर्वेत निरीक्षण केंद्रांचे जाळे उभारले आणि कित्येक दशके हे काम चालू ठेवले. हिवाळ्याच्या रात्री आकाशात प्रकाश दिसू लागला की केंद्रांना दूरध्वनी जात आणि निरीक्षक थंडीत कॅमेऱ्यांपाशी येऊन उभे राहत.

या हजारो छायाचित्रांतून निर्णायक उत्तर मिळाले. ध्रुवीय प्रकाशाची खालची कड बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असते. ज्या उंचीवर सूर्यप्रकाश पोहोचलेला असतो तेथील प्रकाशकिरण मात्र १,००० किलोमीटरपर्यंतही चढतात. मोत्याच्या शिंपल्यासारखे रंग दाखवणाऱ्या दुर्मिळ ढगांची उंचीही स्टोर्मर यांनी याच रीतीने मोजली. ते ढग २० ते ३० किलोमीटर उंचीवर असल्याचे आढळले.

वास्कटातील कॅमेरा आणि ध्रुवीय प्रकाशाचा कॅमेरा यांच्या रचनेत साम्य नाही. हेतू मात्र तोच राहिला. जे थांबत नाही ते आहे त्या स्थितीत टिपावे, ही वृत्ती दोन्हीकडे दिसते. रस्त्यावरील माणसाला मात्र आपले छायाचित्र निघते आहे हे कळू न देणे आवश्यक होते. आकाशाच्या बाबतीत ही लपवाछपवी करण्याचे कारण उरले नाही.

रेडिओचे प्रतिध्वनी

१९२७ मध्ये ऑस्लोजवळ राहणारे अभियंते योर्गेन हाल्स यांनी स्टोर्मर यांना एक विलक्षण गोष्ट कळवली. नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथून प्रसारित होणारे रेडिओ संदेश त्यांना काही सेकंदांनी पुन्हा ऐकू येत होते. स्टोर्मर यांनी ही बाब गांभीर्याने घेतली आणि ऑक्टोबर १९२८ मध्ये स्वतः असे प्रतिध्वनी ऐकले. ते ३ ते १५ सेकंदांनी येत होते. पृथ्वीभोवतीच्या विद्युत कणांच्या प्रदेशावरून लहरी परत येत असाव्यात, असे स्पष्टीकरण त्यांनी सुचवले. या प्रतिध्वनींविषयी सर्वमान्य उलगडा अद्याप झालेला नाही.

वैयक्तिक जीवन

१९०० मध्ये स्टोर्मर यांचा विवाह आडा क्लाउसन यांच्याशी झाला. त्यांना पाच अपत्ये झाली. पुत्र लाइफ स्टोर्मर हे नामवंत पुराजीवशास्त्रज्ञ होते आणि नातू एर्लिंग स्टोर्मर यांनी गणितज्ञ म्हणून नाव मिळवले.

लेखन आणि सन्मान

विश्वाच्या अथांगतेपासून अणूच्या अंतरंगापर्यंतचा प्रवास सामान्य वाचकांना घडवणारे त्यांचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे इतर भाषांत अनुवाद झाले. ध्रुवीय प्रकाशावरील आयुष्यभराचे काम त्यांनी ‘द पोलर अरोरा’ या ग्रंथात एकत्र केले. तो १९५५ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८१व्या वर्षी, ऑक्सफर्ड येथून प्रकाशित झाला. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्वेजियन गणित सभेचे ते पहिले अध्यक्ष होते. १९३६ मध्ये ऑस्लो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. फील्ड्स पदके प्रथम दिली गेली ती याच परिषदेत. १९२२ मध्ये त्यांना यान्सेन पदक मिळाले आणि १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्यत्व लाभले. चंद्राच्या पलीकडील बाजूवरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

निधन आणि वारसा

१३ ऑगस्ट १९५७ रोजी ऑस्लो येथे स्टोर्मर यांचे निधन झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर रोजी, पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. ३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेने सोडलेल्या ‘एक्स्प्लोरर १’ या उपग्रहावर जेम्स व्हॅन ॲलन यांनी बसवलेल्या उपकरणामुळे पृथ्वीभोवती अडकून पडलेल्या विद्युत भारित कणांच्या पट्ट्यांचा शोध लागला. असे अडकलेले मार्ग शक्य आहेत, हे स्टोर्मर यांच्या आकडेमोडीने अर्धशतकापूर्वीच दाखवले होते. विश्वकिरण पृथ्वीच्या कोणत्या भागात कोणत्या दिशेने पोहोचू शकतात, हे समजून घेण्यासाठी १९३० च्या दशकापासून त्यांचेच गणित वापरले गेले. ज्या प्रश्नासाठी त्यांनी ते मांडले त्याचे उत्तर निराळे निघाले, आणि ज्या प्रश्नांची त्या वेळी कल्पनाही नव्हती त्यांना ते उपयोगी पडले.

त्यांची रस्त्यावरील छायाचित्रे ऑस्लोच्या नॉर्वेजियन लोकसंग्रहालयात जतन केलेली आहेत. महाजालावर ती उपलब्ध झाल्यापासून जगभर पाहिली जातात. ती पाहणाऱ्यांपैकी अनेकांना त्यांच्या गणिताची माहिती नसते आणि त्यांचे गणित वापरणाऱ्यांपैकी अनेकांना या छायाचित्रांची. टोपी उचलून एका विद्यार्थ्याला नमस्कार करणाऱ्या त्या माणसांना तर या दोहोंची कल्पना नव्हती. तरीही त्यांच्या काळातील शहर आज जसे होते तसे दिसते, ते त्यांच्या त्या अजाण नमस्कारांमुळेच.